मोसिन घ्यायची आहे : चकाकती की मळकी?

ओहायोकर (शुक्रवार, रात्री ९:१४)

मंडळी, नमस्कार. विषय इथे कितपत चालेल माहीत नाही, पण मराठीत विचारायला दुसरी जागा नाही.

गेली चार-पाच वर्षं दुसऱ्या महायुद्धातल्या पूर्व आघाडीचं वेड लागलंय. पुस्तकं झाली, नकाशे झाले, आता त्या काळातली एखादी वस्तू हातात धरावीशी वाटते. बारा वर्षं ओहायोत आहे, ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. घरून मंजुरी मिळाली आहे ती अशी : "एक. एकच."

घरापासून तासाभरावर एका छोट्या गावातल्या दुकानात दोन मोसिन-नागाँ ९१/३०, म्हणजे सोव्हिएत सैन्याच्या तेव्हाच्या रायफली, शेजारी शेजारी उभ्या आहेत.

पहिली १९४३ ची, इझेव्स्कच्या कारखान्यातली. लाकूड लालसर, कालच वॉर्निश मारल्यासारखं. लोखंड काळंभोर. नळी, बोल्ट (काडतूस आत सारून नळी मागून बंद करणारा दांडा), मॅगझिनचं झाकण आणि दस्त्यामागची पट्टी, चारही ठिकाणी एकच नंबर. ४२५ डॉलर.

दुसरी १९३९ ची, तुला शहरातल्या कारखान्यातली. लाकूड दोन रंगांचं, जोड दिलेला सरळ दिसतो. जागोजागी पोचे. लोखंडाचा रंग उडून करडं पडलंय, बोल्टचा नंबर भलताच. नळीवर चौकोनात ‘एसए’ अशी इंग्रजी अक्षरं. ५५० डॉलर.

मला वाटलं किमतीच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीये. दुकानदार म्हणाला, बरोबर आहेत, आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. एसए म्हणजे साउथ आफ्रिका का? तो वेडा की मी?

खिडकीतला_बोका (रात्री ९:३१)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तज्ज्ञ प्रकाश टाकतीलच.

अण्णा_डॅलस (रात्री १०:०५)

ओहायोकर, वेडं कोणीच नाही. चिठ्ठ्या बरोबर आहेत.

आधी साउथ आफ्रिका डोक्यातून काढा. चौकोनातलं एसए म्हणजे सुओमेन आर्मेइया, फिनलंडचं सैन्य. फिनलंड १९१७ पर्यंत रशियन साम्राज्यात होतं, त्यामुळे त्यांची रायफलही मोसिनच आणि काडतूसही तेच. नोव्हेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा त्यांच्यावर चालून गेल्या. त्या १०५ दिवसांच्या हिवाळी युद्धात, आणि पुढे १९४१ ते ४४ मध्येही, फिनिश लोकांनी बर्फात पडलेल्या आणि पकडलेल्या रायफली गोळा केल्या, दुरुस्त केल्या, वर आपला शिक्का मारला आणि मूळ मालकांवरच रोखल्या. तुमच्या मळकीच्या लाकडाला तो जोड फिनिश सुताराने दिला असण्याची शक्यता बरीच आहे. तिकडे दस्ता मोडला की फेकत नसत, पुढचा अर्धा भाग नवीन सांधत.

आता चकाकती. युद्ध संपल्यावर सोव्हिएत शस्त्रागारांनी रायफली ढिगांनी उघडल्या. बोल्ट एका ढिगात, लाकडं दुसऱ्या. घासलं, पुन्हा काळं केलं, लाकडाला शेलॅक फासलं, हाताला आलं ते जोडलं आणि पुढच्या युद्धासाठी ग्रीसमध्ये बुडवून ठेवलं. पुढचं युद्ध झालंच नाही म्हणून त्या इथे आल्या. कल्हई केलेलं भांडं बघितलंय ना? चकाकतं, पण म्हणून ते नवीन नसतं, आणि आजीच्या हातचे ठोकेही त्यात बुजतात.

तुमचं ते ‘चारही ठिकाणी एकच नंबर’ भिंग घेऊन बघा. बोल्टवरचा आकडा ठोकलेला आहे की विजेच्या पेन्सिलीने खरवडलेला? झाकणावर आधीचा नंबर आडवी रेघ मारून खोडलेला दिसतो का? याला आमच्यात फोर्स मॅच म्हणतात, म्हणजे पत्रिका जुळवून घेतलेली. नळीच्या मुळाशी छोटा चौकोन आणि त्यात तिरकी रेघ असेल तर ती दुरुस्तीची खूण, विषय संपला.

कोथरूडची_सून (रात्री १०:११)

"पत्रिका जुळवून घेतलेली" 😂 अण्णा, आमच्याकडे पण गुरुजींनी पेन्सिलीनेच जुळवली होती.

नेमबाज_नाना (रात्री ११:४०)

अण्णांशी अर्धाच सहमत.

हा ‘संग्राह्य’ नावाचा प्रकार म्हणजे अर्धा इतिहास आणि अर्धी दुकानदारी. मोसिन एकंदर ३ कोटी ७० लाखांच्या आसपास बनल्या. दुर्मीळ कसली? २०१० च्या सुमाराला हीच चकाकती रायफल मी खेळाच्या सामानाच्या दुकानातून शंभर डॉलरच्या आत आणली आहे. सोबत संगीन, पट्टा, तेलाची कुपी आणि अवजारांची पिशवी. कागदात गुंडाळलेली, वर बोटभर कॉस्मोलीन, म्हणजे गंज न लागण्यासाठीचं ग्रीस. दोन दिवस बाथटबात उकळतं पाणी ओतत होतो, बायको माहेरी गेली होती म्हणून वाचलो.

माझा निकष सरळ आहे : नळी. रायफल गोळी झाडण्यासाठी असते, शिक्के वाचण्यासाठी नाही. आतले पिळदार चर ठसठशीत आहेत का, मुखाशी झिजलेत का, बोल्ट बंद केल्यावर हेडस्पेस गेजला (बोल्टपुढे काडतुसासाठी उरणारी जागा तपासायचं माप) बरोबर बसतो का, एवढं बघा. बाहेरून कितीही देखणी असू दे, आत गंजाचे खड्डे असले तर ती भिंतीवरची खुंटी.

आणि १९४३ ची इझेव्स्क म्हणून नाक मुरडू नका. बाहेरून नांगरटीसारखे कटरचे ओरखडे असतील, कारण तेव्हा पॉलिशला वेळ कोणाला होता! पण बोल्ट, चेंबर (काडतूस बसतं ती जागा), नळी, म्हणजे जिथे जीव जातो-राहतो, तिथे त्यांनी काम नीट केलंय.

अण्णा_डॅलस (रात्री ११:५८)

नाना, त्या नांगरटीचेच तर पैसे आहेत! १९४२-४३ ची इझेव्स्क, शस्त्रागाराचा हात न लागलेली, ओरखडे जसेच्या तसे, नंबर मूळचे, अशी मिळाली तर मी घरातला सोफा विकेन. पण बहुतेक सगळ्या धुवून-पुसून आल्या. गुणवत्ता आणि संग्राह्यता या दोन बहिणी आहेत आणि त्यांचं एकमेकींशी फारसं पटत नाही. युद्धाआधीच्या रायफलचं काम सुबक, युद्धातल्या रायफलची गोष्ट मोठी.

मिशिगनमामा (शनिवार, सकाळी ७:२०)

अवांतर. पाच-सहा वर्षांपूर्वी इथल्या एका गन शोमध्ये फिरत होतो. टेबलावर रायफलींची रांग, त्यात एक ओळखीची वाटली. शाळेत एनसीसीला हातात घेतलेल्या थ्री नॉट थ्रीची सख्खी बहीण. उचलून बघतो तर बाजूला आर.एफ.आय. आणि १९६६. रायफल फॅक्टरी, इशापूर! टूए-वन मॉडेल, दिसायला एनफिल्ड पण बोअर ७.६२ नाटोचा. टेबलामागचा माणूस मला समजावायला लागला, "दिस इज फ्रॉम इंडिया". म्हटलं, बाबा रे, मीपण.

घेतली. का घेतली याचं उत्तर अजून बायकोला देता आलेलं नाही.

खिडकीतला_बोका (सकाळी ७:४४)

मामा 🙏 हा प्रतिसाद वरच्या सगळ्यांवर भारी.

सुभेदार_नि (सकाळी ८:०२)

जय हिंद. मी २६ वर्षं फौजेत होतो, त्यातली काही रणगाड्यावर. तुम्ही लोक ज्या काडतुसाबद्दल बोलताय ते ७.६२ बाय ५४, मागे कडा असलेलं. १८९१ ची रायफल, पण काडतूस अजून नोकरीत आहे. आपल्याकडे ड्रागुनोव्ह स्नायपर रायफलला तेच लागतं आणि टी-७२ रणगाड्यावरच्या पीकेटी मशीनगनलाही तेच. पेन्शन नाही बिचाऱ्याला.

जुना रशियन दारूगोळा वापरणार असाल तर एक ऐका. त्याच्या टोपीत जो मसाला असतो त्याचं झाडल्यावर नळीत मीठ उरतं. मीठ हवेतली ओल ओढतं आणि रातोरात गंज. तेलाने मीठ जात नाही. आधी गरम पाणी, मग कोरडी चिंदी, मग तेल. पुलथ्रू करताना, म्हणजे दोरीला चिंदी बांधून नळीतून ओढताना, आळस केला तर उस्ताद काय करायचे ते इथे लिहिता येणार नाही.

शांतताप्रिय (सकाळी ९:३०)

क्षमा करा, पण ज्या देशात शाळेत गोळीबार होतात तिथे राहून रायफलींचं इतकं कौतुक वाचून कसंसंच झालं. दोन रायफलींतली कुठली ‘सुंदर’ यावर आपण रंगात येऊन बोलतोय.

ओहायोकर (सकाळी ९:५२)

शांतताप्रिय, तुमचं म्हणणं पोचलं. माझी मुलगी इथल्याच शाळेत जाते, वर्षातून काही वेळा वर्गाचं दार लावून अंधारात बसायची कवायत करते. म्हणून तिजोरी आधी घेतली, रायफल अजून ठरतेय. काडतुसं घरात ठेवणार नाही हे पण ठरलंय.

शांतताप्रिय (सकाळी १०:१५)

तिजोरी आधी घेतलीत, बरं वाटलं. वाचते आहे.

पुण्यातला_पंत (सकाळी १०:४०)

बाळबोध प्रश्न. अशी एखादी पुण्यात घेता येईल का? जुन्या बाजारात रविवारी काय वाट्टेल ते मिळतं.

सुभेदार_नि (सकाळी १०:४८)

पंत, जुन्या बाजारात मिळाली तर घेऊ नका आणि बघितली असं सांगूही नका. शस्त्र कायदा, १९५९. लष्करी बोअरची रायफल सामान्य माणसाला परवान्यावर मिळत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर शस्त्रंही तीनऐवजी दोनच ठेवता येतात. तुम्ही आपला अडकित्ता जमवा.

पुण्यातला_पंत (सकाळी १०:५५)

अडकित्ते ऑलरेडी ४३ आहेत.

कॅलगरीचा_कार्टा (दुपारी १:१०)

तुम्ही सगळे मोसिनला चिकटलात, एसकेएस रायफलचं कोणी नावच घेत नाही. सिमोनोव्हची १९४५ ची रचना, १० गोळ्यांची, काडतूस एके-४७ चंच. रशियन असेल तर तुलाची १९४९ पासूनची, आणि इझेव्स्कने फक्त १९५३ आणि ५४ मध्ये केली, म्हणून इझेव्स्कची दिसली की लोकांचे डोळे चमकतात. १९४९ च्या अगदी सुरुवातीच्या रायफलींना खिळ्यासारखी टोकदार संगीन होती, नंतर पात्याची आली. युगोस्लाव्ह एम ५९/६६ स्वस्त पडते, पुढे ग्रेनेडचं नळकांडं असतं, पण नळीला आतून क्रोम नाही. तिथे सुभेदारसाहेबांचं मीठ लवकर लागतं.

कोणी अमेरिकेत व्हिएतनामहून सैनिकाने आणलेली एसकेएस कागदपत्रांसकट विकत असेल तर लगेच पैसे मोजा. रायफलपेक्षा त्या पिवळ्या कागदाला जास्त किंमत आहे.

अण्णा_डॅलस (दुपारी १:३२)

कार्ट्याने बरं आठवण करून दिली : इम्पोर्ट मार्क. अमेरिकेत सरप्लस, म्हणजे परदेशी सैन्याचं जुनं जादा शस्त्र आणणाऱ्याला आपलं नाव-गाव त्यावर कोरावं लागतं. १९६८ च्या कायद्याने सरप्लसची आयात बंद झाली, ऐंशीच्या दशकात पुन्हा उघडली. तेव्हा शिक्का नसलेली रायफल बहुतेक १९६८ च्या आधी आलेली, किंवा सैनिकाच्या सामानातून. संग्राहक त्यासाठी वेगळे पैसे देतात. अर्थात शिक्का घासून काढणारे महाभागही आहेत. नळीवर एखादी जागा सपाट किंवा जास्तच गुळगुळीत लागली तर अंगठा फिरवून बघा, डोळ्याला फसवता येतं.

हरवलेला_हौशी (दुपारी ३:०४)

फसवण्यावरून माझी गोष्ट सांगतो, म्हणजे कोणाचे तरी पैसे वाचतील.

मला स्नायपर पाहिजे होती. पीयू दुर्बिणीची, ३.५ पट दाखवणारी. एका प्रदर्शनात मिळाली, विकणाऱ्याने अर्धा तास स्टालिनग्राड ऐकवलं. गोष्ट इतकी रंगली की मी रायफलकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होतो. घरी येऊन दुर्बिणीची बैठक काढली. खाली रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी भाग) पाडलेली भोकं, आतल्या कडा चांदीसारख्या चमकत होत्या. ऐंशी वर्षांचं भोक असं नसतं. साध्या पायदळाच्या रायफलला कोणीतरी गॅरेजमध्ये ड्रिल मारून स्नायपर केलं होतं. चौदाशे डॉलर.

गंमत म्हणजे उलटा प्रकारही असतो. युद्धानंतर जास्तीच्या स्नायपर रायफलींच्या दुर्बिणी काढून भोकं बुजवली आणि त्या साध्या पायदळी रायफली म्हणून गेल्या. त्यामुळे ओहायोकर, जाल तेव्हा चकाकतीच्या रिसीव्हरची डावी बाजू तिरक्या उजेडात बघा. बुजवलेल्या भोकांचे दोन गोल दिसले तर तोंडातून अवाक्षर न काढता ४२५ मोजा.

कोथरूडची_सून (दुपारी ३:१५)

चौदाशे?! आणि तुम्ही आमच्या पैठण्यांना नावं ठेवता.

ओहायोकर (रविवार, दुपारी ४:५०)

काल जाऊन आलो. भिंग, टॉर्च, आणि दुकानदाराची परवानगी असं सगळं घेऊन.

चकाकती : डावी बाजू कोरी. भोकं नाहीत, गोल नाहीत. (हौशी, दहा मिनिटं छाती धडधडत होती, त्याबद्दल आभार.) चौकोनात तिरकी रेघ आहे. झाकणावर खोडलेला नंबर आहे, बोल्टवरचा खरवडलेला आहे. अण्णा दोनशे टक्के बरोबर.

मग नानांची परीक्षा. बोल्ट बाहेर काढला. दुकानदाराने बिनदारूचं, निकामी काडतूस दिलं, ते उलटं धरून नळीच्या मुखात घातलं. मळकीत गोळीचा थोडा भाग बाहेर राहिला. चकाकतीत मात्र गोळी थेट काडतुसाच्या गळ्यापर्यंत गडप! म्हणजे मुख पार झिजलंय ना?

उलट मळकीची नळी आतून काळपट. चर दिसतात, पण आरशासारखे नाहीत. चकाकतीची आतून लख्ख. आता काय?

नेमबाज_नाना (दुपारी ५:२२)

थांबा. चकाकतीच्या मुखात टॉर्च मारला होता ना? चर अगदी टोकापासून सुरू होतात की अर्धा-पाऊण इंच आत गेल्यावर?

ओहायोकर (दुपारी ५:३०)

आत गेल्यावर. टोकाशी गुळगुळीत नळकांडं आहे.

नेमबाज_नाना (दुपारी ५:४१)

मग झीज नाही. काउंटरबोअर आहे. सैनिक वर्षानुवर्षं लोखंडी गजाने मुखाकडून साफ करत, त्याने टोकाचे चर खराब व्हायचे. शस्त्रागाराने तेवढा भाग मोठ्या ड्रिलने काढून टाकला, म्हणजे गोळी शेवटचा स्पर्श चांगल्या चरांना करून बाहेर पडते. त्या रायफलवर ही परीक्षा लागूच होत नाही. चांगली लागते अशी नळी, माझीही तशीच आहे.

अण्णा_डॅलस (दुपारी ५:५५)

नाना बरोबर, लागते चांगली. पण संग्राहकाच्या वहीत काउंटरबोअर म्हणजे वजाबाकी.

मळकीच्या काळपट नळीचं फार मनावर घेऊ नका. काळी आणि खड्डे पडलेली यांत फरक आहे. चर उभे असतील आणि मुख शाबूत असेल तर काळी नळी दगा देत नाही. नळीवर सुटं ‘डी’ अक्षर आहे का बघितलंत? फिनिश लोकांनी त्यांच्या डी-१६६ या जड गोळीसाठी चेंबर थोडा मोकळा केला की ते अक्षर मारत. असलं तर बरं, नसलं तरी काही बिघडत नाही.

सुभेदार_नि (सायंकाळी ६:१०)

आणि रायफलसोबतच्या अवजारांच्या पिशवीत एक चपटी पट्टी असते, तिच्यावर ७५ आणि ९५ अशा दोन खाचा. फायरिंग पिन बोल्टच्या तोंडातून किती बाहेर येते ते मापायला. ७५ ला अडली पाहिजे, ९५ ला नाही. दुकानात मापता आली तर मापा, बोल्ट बदललेला आहे म्हणताय म्हणून सांगतो. पण हेडस्पेस गेजने तपासल्याशिवाय गोळी झाडू नका, ते वेगळं.

ओहायोकर (पुढचा शनिवार, रात्री १०:३५)

घेतली. मळकी. ५५० सांगत होता, ५१० ला दिली. मी घासाघीस करायला तोंड उघडलं तेव्हा दुकानदार पहिल्यांदा हसला. म्हणाला, इतका वेळ भिंग घेऊन बसलेलं गिऱ्हाईक वीस वर्षांत बघितलं नाही.

घरी आणून जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि दोन स्क्रू काढून लाकूड वेगळं केलं. लोखंडाच्या खाली, जिथे रिसीव्हर लाकडात बसतो तिथे, पितळेच्या दोन पातळ पत्र्या निघाल्या. कात्रीने कापल्यासारख्या, एका पत्रीचा कोपरा वाकडा. मला वाटलं कोणीतरी डागडुजी केलीय. शोधल्यावर कळलं की फिनिश आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे लोक, नळी लाकडात हलू नये म्हणून अशाच पत्र्या घालत. रिसीव्हरच्या मागच्या शेपटीवर १९३९, नळीवरच्या वर्षाशी जुळतंय. डी नाही.

मुलीने विचारलं, ही पत्री कोणी घातली? म्हटलं माहीत नाही. ती म्हणाली, वाकडी घातलीये. परत जोडताना तशीच वाकडी ठेवली.

गेजने तपासून घेतलं, ठीक आहे. पुढच्या महिन्यात रेंजवर नेईन. सुभेदारसाहेब, गरम पाणी म्हणजे किती गरम? उकळतं की चहापुरतं?

सुभेदार_नि (रात्री १०:५०)

उकळतं. किटलीने मागून ओता, फनेल लावून. नळी हाताला चटका लावेल इतकी तापली की आपोआप वाळते.

नेमबाज_नाना (रात्री ११:०२)

अभिनंदन. बाय द वे, चकाकती अजून तिथेच आहे का? मी पण ओहायोतच आहे, डेटनला. दुकानाचा पत्ता व्यनि करा.

ओहायोकर (रात्री ११:०४)

केला.

अण्णा_डॅलस (रात्री ११:०६)

नाना, ४२५ देऊ नका. काउंटरबोअर दाखवा, ३८० ला येईल.